शेवटचे दोनशे मीटर

आधी एक कबुली देते. माझं केजी ते दहावी सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की तो सिक्स्टी थ्री का सेव्हंटी थ्री, हे मला अजूनही मनातल्या मनात मोजावं लागतं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर रूममेट पोट धरून हसली. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ तीच तपासून देणार असं ठरलं. म्हणजे या लेखात जे काही चुकलं असेल ते तिचं, आणि बरोबर असेल ते माझं.

विषय सुचला तो माझ्या मामामुळे. मामा कोल्हारचे. नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या पुलाजवळचं आपलं कोल्हार, भगवतीमातेच्या देवळाचं. तुमच्यापैकी निम्मे जण शिर्डीला जाताना तिथून गेलेले असणार आणि बहुतेक झोपलेले असणार. मामांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा जास्त वेळ ते शर्यतींना देतात, असं मामीचं मत आहे. आमच्या भागात यात्रा, जयंती, गणपती अशा निमित्ताने गावोगावी सायकल शर्यती होतात. बक्षीस कधी रोख, कधी ट्रॉफी, कधी कुकर. मामांच्या घरात तीन कुकर आहेत, तिन्ही जिंकलेले. वीस वर्षं त्यांची एकच पद्धत. पूर्ण शर्यतभर कुणाच्या तरी मागे लपून राहायचं, आणि शेवटचे दोनशे मीटर उरले की बाहेर यायचं. हरणारे म्हणतात हा लबाड आहे. सायकलिंगच्या भाषेत याला स्प्रिंटर म्हणतात.

आता मामा बेचाळीस वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी एका शर्यतीत अगदी शेवटी कुत्रं आडवं आलं. चौघे पडले, मामांचं कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं, पण त्यानंतरच्या दोन शर्यतींत ते पाचवे आणि सातवे आले. दिवाळीत मी घरी गेले तेव्हा त्यांनी चहा पिता पिता विचारलं, “ताई, तू मेकॅनिकलला ना? मंग तुझ्या गणितात बसतंय का बघ. अजून दोन वर्षं ओढू, का आता बास करू?” मामी आतून म्हणाली, “बास करा, याला गणित कशाला लागतंय?”

मी “बघते” म्हणाले आणि हॉस्टेलला परत आले. सबमिशन सोडून दुसरं काहीही करायला मी नेहमीच तयार असते, त्यामुळे खरोखर बघायला बसले. जे सापडलं ते लिहिते आहे.

पहिल्यांदा हे समजून घ्यायला हवं की सायकलस्वारांतही जाती असतात. मुंबई-पुणे शर्यतीचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात बोरघाट सगळ्यात वेगात चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण घाटाचा राजा झाला म्हणून पुण्यात पहिला येईलच असं नाही. घाटात लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते, तिथे हलका माणूस जिंकतो. सपाटीवर लढाई हवेशी असते. तिथे वजनाचं फारसं काही बिघडत नाही, दहा-पंधरा सेकंदांत किती ताकद ओतता येते ते महत्त्वाचं. कोल्हारहून लोणीमार्गे संगमनेरला जाऊन चंदनापुरी घाट गाठला तरच मामांना खरा चढ बघायला मिळतो. तो बघून ते परत येतात. त्यामुळे ते स्प्रिंटर झाले यात त्यांची निवड किती आणि भूगोल किती, हा प्रश्नच आहे.

हवेशी लढाई म्हणजे काय, हे प्रवरा परिसरातल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडे निघाले की शाळेतली मुलं सायकली त्यांच्या मागे घालतात. निम्मे जण ऊस ओढायला, निम्मे जण फुकटच्या वेगासाठी. (करू नका. ट्रॉलीला ब्रेकलाइट असेलच याची खात्री नसते.) ट्रॅक्टर समोरची हवा फोडतो, मागे हवा मोकळी मिळते आणि पायांना सुट्टी मिळते. शर्यतीत ट्रॅक्टरच्या जागी दुसरा सायकलस्वार असतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या बर्ट ब्लॉकन या प्राध्यापकांनी २०१८ साली १२१ सायकलस्वारांचा अख्खा घोळका संगणकावर आणि विंड टनेलमध्ये तपासला. घोळक्याच्या आतल्या, मागच्या भागातल्या माणसाला लागणारा हवेचा विरोध एकट्याने चालवणाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के निघाला. म्हणजे मामा जे वीस वर्षं करत आहेत ते लबाडी नसून फ्लुइड मेकॅनिक्स आहे. हे मी त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले.

आता ते सूत्र, ज्यात माझे एका सेमिस्टरला मार्क गेले होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. ताशी ६५ किलोमीटरवरून ७० वर जायचं तर वेग साधारण ८ टक्के वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती २५ टक्के वाढते. म्हणून शेवटच्या टप्प्यात सगळेच जवळजवळ सारख्या वेगाने येतात. कुणालाच फार पुढे जाता येत नाही.

हेच गणित उलट करून बघा. वयामुळे एखाद्याची शक्ती १० टक्क्यांनी कमी झाली, तर वेग किती कमी होईल? ०.९ चं घनमूळ काढा, ०.९६५ येतं. म्हणजे वेग फक्त साडेतीन टक्के कमी. मला आधी वाटलं, अरे हे तर काहीच नाही! मग दोनशे मीटरला लावून बघितलं. साडेतीन टक्के म्हणजे ७ मीटर. एक सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. म्हणजे चार सायकली मागे. आणि मोठ्या शर्यतीतला निकाल टायरच्या रुंदीवर, फोटो बघून लावतात. चार सायकली मागे म्हणजे पाचवा किंवा सातवा नंबर. इथे मला जरा कसंतरी झालं, कारण मामांचे शेवटचे दोन निकाल अगदी हेच होते.

शक्ती कमी का होते तेही थोडक्यात. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात, सावकाश पण न थकता काम करणारे, आणि झटकन आकुंचन पावणारे पण लगेच दमणारे. स्प्रिंट दुसऱ्यांच्या जिवावर चालतं. त्यांना लागणारं तयार इंधनही स्नायूत दहाएक सेकंदांपुरतंच असतं. ताशी ७० किलोमीटरने दोनशे मीटर जायला सव्वादहा सेकंद लागतात, हा हिशेब निसर्गाने आणि शर्यतवाल्यांनी जुळवून घेतल्यासारखा वाटतो. वय वाढतं तसे आधी हे झटपट तंतू बारीक आणि कमी होत जातात. दमाचे तंतू बरेच टिकतात. म्हणून चाळिशीतला माणूस मॅरेथॉन छान पळतो, पण बस पकडायला पळताना तो म्हातारा दिसतो.

इथपर्यंत उत्तर मामीच्या बाजूने होतं. बास करा. मी ते मामांना कळवणारही होते, पण मध्ये मार्क कॅव्हेंडिश आला.

मार्क कॅव्हेंडिश हा ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरचा, जन्म २१ मे १९८५. टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची शर्यत, रोज एक टप्पा. त्यात त्याने २००८ साली चार टप्पे जिंकले, २००९ ला सहा, पुढची दोन वर्षं पाच-पाच. २०११ मध्ये तो रस्त्यावरच्या शर्यतीचा विश्वविजेताही झाला. उंची बेताची, पण हँडलवर तो इतका खाली वाकायचा की नाक जवळजवळ पुढच्या चाकावर. त्याच्यापुढे मार्क रेनशॉ नावाचा ऑस्ट्रेलियन सहकारी असायचा. त्याचं काम एवढंच, की शेवटच्या किलोमीटरमध्ये स्वतः हवा फोडत कॅव्हेंडिशला आणायचं आणि दोनशे मीटर राहिले की बाजूला व्हायचं. याला लीड-आउट म्हणतात. मराठीत मी ‘ट्रॅक्टर’ म्हणेन.

२०१६ अखेर त्याचे ३० टप्पे झाले होते. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा विक्रम ३४ चा, १९७५ पासूनचा. आणखी एक-दोन वर्षांचं काम, असं सगळ्यांना वाटलं. मग जे सुरू झालं ते वाचून मला रात्री मेसला जायची आठवण राहिली नाही. २०१७ मध्ये तो पडला, खांद्याचं हाड मोडलं. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूने आधीच अंगातला जोर काढून घेतला होता. २०१८ मध्ये नैराश्याचं निदान झालं. त्याच वर्षी टूरमध्ये ला रोझियरच्या डोंगरी टप्प्यावर तो वेळमर्यादेत पोचू शकला नाही आणि शर्यतीबाहेर गेला.

ही वेळमर्यादा नीट समजून घ्या, कारण म्हाताऱ्या स्प्रिंटरची खरी कबर तिथे असते. स्प्रिंटरला डोंगर जिंकायचा नसतो, पण ओलांडायचा असतो. त्या दिवशीच्या विजेत्याला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा ठरावीक टक्के जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात आलात तर उद्या खेळा, नाही तर बॅग भरा. आपली ७५ टक्के अटेंडन्स समजा. म्हणून मागे पडलेले सगळे स्प्रिंटर एकत्र घोळका करून, आपसातलं वैर विसरून, घड्याळ बघत घाट चढतात. ला रोझियरच्या त्या टप्प्यावर कॅव्हेंडिशबरोबर रेनशॉ आणि जर्मनीचा मार्सेल किटेलही बाहेर गेले. किटेल त्या काळातला सगळ्यात जोरदार स्प्रिंटर. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याने ३१ व्या वर्षी निवृत्ती घेतली. त्याला कुणी नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. ज्याला पुरे झालं त्याला पुरे झालं.

कॅव्हेंडिशचं मात्र पुरे होईना. २०२० च्या शरद ऋतूत बेल्जियममधल्या एका शर्यतीनंतर तो कॅमेऱ्यासमोर रडला, कदाचित ही माझी शेवटचीच शर्यत असेल म्हणाला. त्याला कुणी संघात घेईना. शेवटी जुन्या बेल्जियन संघाने अगदी कमी पगारावर घेतलं. टूरसाठी त्याचं नावच नव्हतं. पहिल्या पसंतीचा स्प्रिंटर सॅम बेनेट याचा गुडघा दुखावला, म्हणून ऐनवेळी हा गेला. आणि २०२१ मध्ये, ३६ व्या वर्षी, याने चार टप्पे जिंकले! त्यातला एक शातोरू गावात, जिथे २००८ ला त्याने पहिला जिंकला होता. चौथा ९ जुलैला कार्कासोनला. ३४ झाले. मर्क्सशी बरोबरी.

इथे थांबला असता तर सिनेमा झाला असता. पण २०२२ ला त्याच संघाने त्याला टूरला नेलंच नाही. २०२३ मध्ये त्याने नवा संघ धरला, मे महिन्यात जाहीर केलं की हे वर्ष शेवटचं, आणि आठवड्याच्या आत रोममध्ये जिरो द इतालियाचा शेवटचा टप्पा जिंकला. ७ जुलैला बोर्दोमध्ये टूरचा टप्पा हातात आल्यासारखा होता, गिअरने दगा दिला, दुसरा आला. दुसऱ्याच दिवशी पडला. कॉलरबोन मोडलं.

हो, कॉलरबोन. मी हे वाचत होते तेव्हा मामांचा पट्टा बांधलेला फोटो माझ्या फोनमध्ये होता.

त्याने निवृत्ती एक वर्ष पुढे ढकलली. २०२४ च्या टूरच्या पहिल्याच दिवशी इटलीतल्या उन्हात सायकलवर बसल्या बसल्या त्याला उलट्या झाल्या. सहकाऱ्यांनी त्याला सोबत करत कसंबसं मर्यादेत आणलं. त्यानंतर चार दिवसांनी, ३ जुलै २०२४ ला, सँ-वुल्बा गावात, ३९ व्या वर्षी, त्याने पस्तिसावा टप्पा जिंकला. दुसरा आलेला बेल्जियमचा यास्पर फिलिप्सन त्याच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान.

मग माझं साडेतीन टक्क्यांचं गणित कुठे चुकलं? त्या शेवटच्या किलोमीटरचा व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते सांगत नाही, रेक्टर मॅडमही हे मासिक वाचतात. गणित चुकलं नव्हतं, पण त्यात मी एकच संख्या वयानुसार बदलली होती. बाकीच्या तशाच ठेवल्या होत्या. व्हिडिओत कॅव्हेंडिश एकाच्या मागून दुसऱ्याच्या मागे, डावीकडून उजवीकडे, असा सरकत राहतो. जो थकणार आहे त्याच्या मागून तो थकायच्या आधीच निघतो. स्वतः हवा खातो ती अगदी शेवटच्या काही सेकंदांसाठी. समजा, तरुण माणूस दोनशे मीटर स्वतःच्या ताकदीवर आला आणि हा फक्त दीडशे. मग चार सायकलींचा फरक कुठे उरतो? शिवाय तो वाकून बसणं. सूत्रात शक्ती आहे तशी समोरून दिसणारी जागाही आहे, आणि तिचं वय होत नाही. पाठीचं होतं, ही गोष्ट वेगळी.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी कोल्हारला गेले ती खडू आणि टेप घेऊनच. कालव्याकडच्या सरळ रस्त्यावर सकाळी सहाला दोनशे मीटर मोजून खुणा केल्या. मामांनी चार वेळा जोर लावला, मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. सगळ्यात चांगली वेळ १३.२ सेकंद, म्हणजे ताशी साडेचोपन्न किलोमीटर. आपल्याकडची हवा समुद्रकाठापेक्षा थोडी विरळ धरून, मामांचं वजन, टायर वगैरे अंदाजाने घालून हिशेब केला तर सुमारे ६९० वॅट आले. मग मी त्यांना कोपरं आत घ्यायला आणि हनुवटी खाली करायला लावलं. समोरची जागा एक अष्टमांशाने जरी कमी झाली, तरी त्याच वेगाला ६१२ वॅट पुरतात. मामांना मी सांगितलं, “तुमचे गेलेले वॅट तुमच्या कोपरांत आहेत.” ते म्हणाले, “कोपरं आत घेतली तर कॉलरबोन दुखतंय, ताई.”

या उत्तराला माझ्याकडे सूत्र नव्हतं.

एक उलट उदाहरणही त्यांना सांगितलं, नाहीतर मामी माझ्याशी बोलली नसती. स्कॉटलंडचा क्रिस हॉय, ट्रॅकवरचा स्प्रिंटर, सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं. २०१४ चे राष्ट्रकुल खेळ ग्लासगोला, त्याच्याच देशात, आणि तिथल्या नव्या सायकल ट्रॅकला नावही त्याचंच दिलेलं. फक्त एक वर्ष ओढायचं होतं. त्याने एप्रिल २०१३ मध्ये, ३७ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. नुसता हजेरी लावायला उतरणं त्याला पटेना. कॅव्हेंडिश बरोबर आणि हॉयही बरोबर. मामा म्हणाले, “म्हंजे तुझ्या अभ्यासाचा मला उपयोग शून्य.” मामी म्हणाली, “तो सुवर्णपदकवाला शहाणा होता.”

पण मला वाटतं थोडा उपयोग झाला असावा. मी रेनशॉबद्दल सांगत होते तेव्हा मामांनी पाना खाली ठेवला. रेनशॉ २०१९ मध्ये शर्यतीतून निवृत्त झाला, पण २०२४ ला तो कॅव्हेंडिशच्या संघात मार्गदर्शक होता. स्वतः सायकलवर नाही, तरी पुढचा ट्रॅक्टर तोच. दुकानात सुट्टीच्या दिवशी एक अकरावीतला मुलगा कामाला येतो. त्याचे पाय चांगले आहेत, पण तो पाचशे मीटर आधीच सुटतो आणि शेवटी उभा राहिल्यासारखा होतो. मामांनी त्याच्याबद्दल दहा मिनिटं तक्रार केली. इतकी बारकाईने तक्रार मी आधी त्यांच्या तोंडून फक्त सायकलींबद्दल ऐकली होती.

कॅव्हेंडिश १० नोव्हेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये शेवटचा खेळला. तीही शर्यत त्याने जिंकली, पण तोवर तो निवृत्त होणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि मुख्य म्हणजे त्यालाही.

मामांनी अजून काही जाहीर केलेलं नाही. हा लेख देताना मी फोन केला, तेव्हा पुढच्या शर्यतीत दोन नावं दिल्याचं कळलं, एक त्यांचं आणि एक त्या पोराचं. मी विचारलं, मग पुढे कोण आणि मागे कोण? ते म्हणाले, “ते दोनशे मीटर राहिल्यावर बघू. तू खडू घेऊन ये.” शर्यतीची तारीख आणि आमची ओरल एकाच आठवड्यात येते आहे. एक्स्टर्नल सर हे वाचत असतील तर माझा नंबर शक्यतो सोमवारी लावावा, ही विनंती.